बाकी सगळ्याला हो

१२ जानेवारी

"जे कशातच बसणार नाही त्याचं काय करायचं, ते आधी ठरव. बाकीचं सोपं असतं."

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या सीनिअर बाईंनी हे सांगितलं होतं. माझ्या खुर्चीच्या पाठीवर कोपर टेकून त्या संत्रं खात होत्या आणि बिया माझ्याच कपात टाकत होत्या. तेव्हापासून मी एकच काम करत आले आहे. लोक कंपन्यांना तक्रारी लिहितात. कुणी 'पार्सल आलं नाही' लिहितं, कुणी 'अजून वाट बघतोय', कुणी नुसतीच आईबहीण काढतं. त्यातलं काय कुठल्या ढिगात टाकायचं, याचे नियम मी लिहिते. प्रोग्रामिंगच्या भाषेत त्यासाठी तयार हत्यारं असतात. वाक्य अमुकने सुरू होतं का, मध्ये कुठे तमुक आहे का, शेवट असा आहे का. नियम एकाखाली एक रचायचे. कॉम्प्युटर वरून खाली येतो आणि जो पहिला जुळेल तिथे थांबतो. सगळ्यात तळाला एक नियम ठेवावाच लागतो, कशालाच न जुळणाऱ्यांसाठी. तो नसेल तर आमची भाषा प्रोग्राम सुरूच करू देत नाही.

हे आज आठवलं, कारण हेच काम मी आता घरी करणार आहे. फ्रेमवाल्यासाठी.

फ्रेमवाला म्हणजे माझा नवरा. त्याचं फोटोफ्रेमांचं दुकान आहे, अख्खी गल्ली त्याला याच नावाने ओळखते. लग्नाआधी मैत्रिणीने विचारलं होतं, "कोण गं?" मी म्हटलं, "तो फ्रेमवाला." तेच चिकटलं. या हिवाळ्याच्या तोंडाशी त्याच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. त्याला सगळं समजतं, डॉक्टरांनी तपासून सांगितलंय. पण तोंडातून शब्द फुटून बाहेर येतात. 'नानू.' 'टके टके.' 'पप्पा ना.' तो बोलतो आणि आमच्याकडे बघत राहतो, आणि आम्ही दोघी मायलेकी परीक्षेत बसल्यासारखं तोंड करतो.

त्याला काय हवंय ते त्याला सांगता यायला हवं. बाकी काही मी मागत नाही.

१९ जानेवारी

जमतंय. टॅबलेट त्याचं बोलणं ऐकतो, अक्षरांत उतरवतो, मग माझे नियम त्यावर चालतात. प ने सुरुवात, मध्ये काहीही, पुढे कुठेतरी न किंवा ण: पाणी. ट दोनदा: टीव्ही. हे नियम लिहायला मी चार दिवस त्याच्या शेजारी स्टुलावर बसून होते. इतकी जवळ, इतका वेळ, मी लग्नानंतरही बसले नसेन.

आज तो म्हणाला, "पप्पाना." टॅबलेट त्याच्या त्या सपाट आवाजात म्हणाला, "मला पाणी हवं आहे." मी धावत पाणी आणलं. तो प्यायला.

लेक म्हणाली, "बाबा, आता पिझ्झा मागा."

मी म्हटलं, "प ने सुरू होतं. पाणीच मिळेल."

"मग हे हॉस्टेलच झालं की," ती म्हणाली. फ्रेमवाल्याच्या तोंडाचा डावा कोपरा हलला.

२३ जानेवारी

तळाच्या नियमाचं अडलं होतं. मी तिथे 'कळलं नाही' ठेवलं होतं. सकाळपासून टॅबलेट तेच म्हणत होता. तो काही बोलला की 'कळलं नाही'. परत बोलला, 'कळलं नाही'. दुपारपर्यंत त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. मला बघवेना. आजारी माणसाच्या तोंडावर दार लावल्यासारखं वाटत होतं.

मग मी जुन्या फोनमधले त्याचे आवाजी निरोप ऐकले. बहुतेक दुकानाचेच. एकात तो कुणा गिऱ्हाइकाशी बोलता बोलता चुकून मला निरोप पाठवून बसलाय. पाठीमागे करवतीचा आवाज आहे, आणि तो म्हणतो, "हो." छोटंसं, श्वास सोडल्यासारखं. त्याच्या आधी आणि नंतर स्वच्छ शांतता आहे, म्हणून कापून घेता आलं.

तळाच्या नियमात मी ते लावलं. जे कशातच बसणार नाही, त्याला 'हो'.

यात तर्क आहे, नुसतं लाडाचं नाही. हा माणूस जन्मभर सगळ्यांना होच म्हणत आलाय. उद्या हवंय? हो. काच बदलून देता? हो. लग्नाचंही मीच विचारलं होतं, तेव्हाही हो. तेव्हा न कळलेल्या बोलण्यातलं बरंचसं 'हो'च असणार. ऑफिसातही आम्ही असंच करतो, जे सगळ्यात जास्त वेळा येतं ते तळाला.

संध्याकाळी विचारलं, "बरं वाटतंय का आता?"

तो काहीतरी म्हणाला, लांबलचक.

"हो," टॅबलेट म्हणाला. त्याच्या आवाजात.

मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले.

२ फेब्रुवारी

किती बरं चाललंय. आम्ही बोलतो. मी विचारते, तो सांगतो. खिडकी लावू? हो. केस बारीक करायचे? हो. माझ्या ऑफिसच्या लोकांना बोलावू, बघायला येतो म्हणतात? हो. ते आले, दोन तास बसले, खूप हसले. तो टेबलावर डावा हात पालथा ठेवून शांत बसून होता. निघताना माझा साहेब म्हणाला, "तुम्ही कमाल केलीत. हे बाजारात आणलं पाहिजे." मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

आज लेक निळे केस करून आली. मी ओरडले तर म्हणते, "बाबांना विचारलं होतं. हो म्हणाले."

"त्यांना काय विचारलंस नक्की?"

"तूच ऐक ना, आई. मी परत विचारते." आणि त्याच्यासमोर बसून, "बाबा, नाक टोचू? शाळा सोडू? आईला विकू?" तो पहिल्यांदा काही बोलला, मग डोळे मिटून 'गेगे' असं काहीसं म्हणत राहिला. तिन्ही वेळा हो.

मी म्हटलं, "बाबांची चेष्टा करू नकोस."

"मी बाबांची करत नाहीये," ती म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. हे वयच तसलं आहे.

११ फेब्रुवारी

स्पीच थेरपिस्टचा फोन. म्हणाली, मी त्यांना हाताच्या काही खुणा शिकवतेय, घरच्यांनीही शिकायला हव्यात, एकदा सत्राला येऊन बसा. मी सांगितलं, खुणांची आता तितकी गरज राहिली नाही, यंत्र छान चाललंय. ती म्हणाली, "तरी या." गुरुवारी मला मीटिंग आहे. पुढच्या गुरुवारी बघू.

आता फ्रेमवाला टॅबलेट समोर असताना कमी बोलतो. बहुधा गरज उरली नाही म्हणून. एका शब्दात काम होतं.

२० फेब्रुवारी

दुकानाचं ठरलं. डोक्यावरचं ओझं उतरलं.

कारागीर आला होता. बारा-तेरा वर्षं हा त्याच्या हाताखाली आहे. म्हणाला, "वहिनी, दुकान असं बंद ठेवलं तर लाकूड वाळवी खाईल. मी चालवायला घेतो. पण मला सगळं बदलावं लागेल, लाकडाच्या फ्रेमा आता कोण घेतं? मी छपाई सुरू करीन. दादांना चालेल का, तेवढं त्यांच्या तोंडून कळू दे. त्याशिवाय मी हात लावणार नाही."

चांगला माणूस आहे. मी त्याला म्हटलं, तूच विचार.

तो खाली वाकून म्हणाला, "दादा, दुकान मी घेऊ? तुमचं टेबल, करवत वगैरे काढावं लागेल. चालेल?"

फ्रेमवाला बोलायला लागला. आजारपणानंतर इतकं लांब तो कधीच बोलला नव्हता. मान ताठ, गळ्याच्या शिरा वर आलेल्या. टॅबलेट मध्येच थांबून थांबून म्हणत होता, हो. हो. हो. शेवटी त्याने पालथा हात टेबलावर आपटला, पेला पडला, पाणी सगळीकडे.

कारागिराचे डोळे भरले. "आवाज तस्साच आहे हो दादांचा," तो म्हणाला.

इतका उत्साह मी त्याच्यात कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. दुकान चालू राहणार याचाच आनंद असणार.

१ मार्च

त्याने परवापासून नीट खाल्लेलं नाही. तोंडाशी चमचा नेला की ओठ मिटतो. विचारलं, "भूक नाही का?" तर काहीच बोलला नाही. काही बोललाच नाही तर यंत्र तरी काय करणार.

डॉक्टर म्हणतात, अशा आजारात उदासी येते. गोळी लिहून दिली.

ताईंचा फोन आला. या माझ्या नणंद, त्याच्याहून मोठ्या, त्याला अंगाखांद्यावर वाढवलेल्या. म्हणाल्या, "मी येते पुढच्या रविवारी. फोनवर तुझं ते यंत्र हो हो करतं आणि मला माझा भाऊ ऐकू येत नाही." त्यांचं बोलणं असंच असतं, टोचून. मी मनावर घेत नाही.

९ मार्च

ताई आल्या. पिशव्या ठेवल्या, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि समोर बसायला जड खुर्ची फरशीवरून ओढली. कर्र्कन् आवाज झाला.

"हो," टॅबलेट म्हणाला.

ताईंनी हात थांबवला. माझ्याकडे बघितलं. मग खुर्ची पुन्हा ओढली.

"हो."

"हा खुर्चीलाही हो म्हणतो का गं?"

मी सांगायला लागले की आजूबाजूचा आवाज गाळायचं राहिलंय, मायक्रोफोन जवळ ठेवला तर असं होतं. ताईंनी ऐकलंच नाही. त्या खोकल्या. हो. चमचा पेल्यावर वाजवला. हो. मग त्या टॅबलेटवर वाकून अगदी शांतपणे म्हणाल्या, "मेल्या, मी तुला उचलून बाहेर फेकू?"

"हो."

आणि फ्रेमवाला हसायला लागला. डाव्या बाजूने, आवाज न करता, अंग गदगदत. मला इतकं बरं वाटलं की मीही हसले. मग त्याचा चेहरा नीट पाहिला. हसणं केव्हाच संपलं होतं. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याला किती दिवसांपासून हे मला दाखवायचं होतं ते मला दिसलं.

लेक दारात उभी होती. तिने मला काही सुनावलं नाही. सुनावलं असतं तर बरं झालं असतं.

१० मार्च

आज ऑफिसला गेले नाही. घरीही काही केलं नाही.

१४ मार्च

तळाचा नियम काढून टाकला. भाषेने प्रोग्राम नाकारला: सर्व शक्यता हाताळलेल्या नाहीत. हा संदेश मी हजारदा वाचला असेन. पुन्हा 'कळलं नाही' घातलं. दिवसभरात पाणी एकदा, टीव्ही एकदा, बाकी सगळं कळलं नाही. शेवटी त्याने बोलणं थांबवलं. डाव्या हाताने टॅबलेट पालथा करून ठेवला. मी सरळ केला नाही.

माझे वरचे नियमही तपासले. 'पाणी' मी इतकं सैल केलं होतं की प आणि न असलेलं काहीही त्यात अडकायचं. तो कित्येकदा पाणी प्यायला तो तहान लागली म्हणून की मी पेला घेऊन आशेने उभी राहायची म्हणून, आता कसं कळणार.

दुपारी दुकानात गेले. पाटी बदललीय. आत छपाईची यंत्रं, नवीन रंगाचा वास. त्याचं लांब टेबल, ज्यावर तो लाकडाचे कोपरे पंचेचाळीस अंशांत कापायचा आणि जुळले की बोट फिरवून बघायचा, ते गेलं. करवतही गेली.

मी कारागिराला म्हटलं, "ते हो त्यांचं नव्हतं."

त्याला कळेना. "वहिनी, मी माझ्या कानांनी ऐकलं. त्यांचाच आवाज होता."

"आवाज त्यांचा होता."

तो बराच वेळ हातातलं फडकं पिळत राहिला. "मी जुनं टेबल ज्याला दिलं त्याने ते फोडून फळ्या केल्या," तो म्हणाला. "आता मी काय करू, तुम्ही सांगा." त्याने तर विचारल्याशिवाय हात लावला नव्हता.

घरी येऊन त्याला सगळं सांगितलं. टेबलाचंही. लपवणार तरी किती. तो खिडकीबाहेर बघत होता. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ती एकदाची लागेपर्यंत तो बघत राहिला.

१८ मार्च

थेरपिस्टच्या सत्राला जाऊन बसले. शेवटी.

तिने त्याच्यासमोर टेबल घेतलं. "आज सोमवार आहे?" त्याने डावा हात पालथा ठेवला. "आज मंगळवार आहे?" हात उताणा. "पालथा म्हणजे नाही, उताणा म्हणजे हो," ती मला म्हणाली. "हे त्यांना फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून पक्कं येतं. घरी वापरत नाहीत का?"

मी म्हटलं, वापरत होते.

मग मी तिच्यासमोरच त्याला एकेक विचारलं. माझ्या ऑफिसची माणसं यायला हवी होती? पालथा. केस? पालथा. दुकान? त्याने हात हलवलाच नाही, तो आधीच पालथा होता.

"माझ्यावर रागावलायस?"

हात काही वेळ करंगळीच्या कडेवर उभा राहिला, पालथा नाही आणि उताणा नाही. मग त्याने तो मांडीवर नेला.

बाहेर आल्यावर थेरपिस्टला विचारलं, आणखी किती सुधारेल. ती म्हणाली, पहिले महिने महत्त्वाचे असतात. ते कसे गेले याबद्दल ती काही बोलली नाही. शब्द फारसे येतील असं वाटत नाही, म्हणाली, हात आहे तो सांभाळा.

२४ मार्च

ताई पुन्हा आल्या. टॅबलेट कपाटात आहे. ताई त्याच्याशी बोलतात आणि मध्ये गप्प बसतात, पुष्कळ वेळ. तो काही म्हणाला की म्हणतात, "नाही समजलं रे. पुन्हा सांग." तो पुन्हा सांगतो. चार-चार वेळा. 'नाही समजलं' हे शब्द त्यांच्या तोंडी दार लावल्यासारखे वाटत नाहीत. का, ते मला सांगता येणार नाही. त्यांना तरी कुठे कळतं त्याचं बोलणं. तरी तो त्यांच्याशी बोलतो.

जेवणानंतर त्या म्हणाल्या, "याला मी घेऊन जाते. आमच्याकडे पायऱ्या नाहीत, मागे ह्यांची लाकूडकामाची खोली तशीच आहे. पण तू बोलू नकोस, मी बोलत नाही. त्याला विचारू."

विचारलं त्यांनीच. "येतोस माझ्याकडे?"

वाक्य पुरं व्हायच्या आत हात उताणा झाला. इतक्या झटकन मी त्याची कुठलीच गोष्ट होताना पाहिली नाही, आजाराच्या आधीसुद्धा.

"किती दिवस?" मी विचारलं. यावर हाताने उत्तर देता येत नाही हे विचारल्यावर लक्षात आलं.

२ एप्रिल

बॅग भरली. लेकीने प्रत्येक शर्ट त्याच्यापुढे धरला. हा? पालथा. हा? उताणा. एका भडक फुलाफुलांच्या शर्टावर त्याने उताणा हात ठेवला तर ती म्हणाली, "बाबा, विचार करा, ताईआत्या घरात घेणार नाही." तो त्याच्या त्या डाव्या बाजूने हसला. दोघं बराच वेळ तिथे बसली होती. मी दाराशी इस्त्रीचे कपडे घेऊन उभी होते. आत बोलावलं नाही आणि नकोही म्हटलं नाही.

लेक सुट्टीत तिकडे राहणार आहे. मला कळलं ते बॅगा दोन दिसल्या तेव्हा.

काल सहज मनात आलं, त्याच्या हाताच्या हालचाली कॅमेऱ्याने टिपता येतील. बोटं किती वळली, मनगट किती फिरलं, त्यावरून 'कदाचित' आणि 'नंतर' सुद्धा वेगळं काढता येईल. अर्धा तास मी नियम मनात रचत बसले होते. मग उठून भांडी घासली.

५ एप्रिल

उद्या सकाळी ताई गाडी घेऊन येणार.

आज दुपारी त्याच्याजवळ बसले. काही विचारलं नाही. उन्हाची तिरीप त्याच्या पायावरून गुडघ्यावर आली, तेवढा वेळ आम्ही बसलो. मध्ये तो एकदा काहीतरी म्हणाला, दोन-तीन अक्षरं. मला कळलं नाही आणि मी तसं म्हटलं. त्याने पुन्हा सांगितलं. पुन्हाही कळलं नाही. तिसऱ्यांदा त्याने सांगितलं नाही. पण तोंडही फिरवलं नाही. याचा अर्थ काय लावायचा? काहीच लावू नये, हे मला आता शिकायला हवं, आणि माझं उभं आयुष्य याच्या नेमकं उलट करण्यात गेलंय.

त्याने जाऊ नये असं म्हणायचा मला हक्क नाही. ताईंकडे तो खाईल. लाकडाचा वास घेईल. तिथे कुणी त्याच्या वतीने बोलणार नाही. हे सगळं मला पटतं आणि तरी उद्या सकाळी, ताई यायच्या आत, मी त्याच्यासमोर स्टूल ओढून बसणार आहे आणि त्याचा हात टेबलावर मोकळा आहे ना ते बघून विचारणार आहे. तो नाही म्हणेल. त्याने तसं म्हणू नये असं काही मी केलेलं नाही. तरीही शब्द आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे ऐनवेळी मी ते सैल करणार नाही:

आठ दिवस थांब. मी काही चालू करणार नाही, काही विचारणार नाही, नुसती शेजारी बसेन. फक्त आठ दिवस. थांबशील?